नगरातल्या रानवाटा

श्रोतेहो, नगर आणि अरण्य ही दोन परस्परांस पारखी स्थळे होत, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. गावाची शीव संपली की रान सुरू व्हावयाचे. वन्य प्राणी पाहावयाचे असतील, तर माणसाने शिदोरी बांधून रानात जावे. आणि एखादा प्राणी गावात शिरलाच, तर तो वाट चुकला असे समजून चार माणसांनी हाकारे घालावेत. प्राण्याने आपल्या जागी राहावे व माणसाने आपल्या जागी, असा हा जुना करार आहे. त्यावर प्राण्याची सही कोणी घेतलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

या समजुतीला छेद देणारे एक नगर उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकास, अलास्कात आहे. त्याचे नाव अँकरेज. तेथील गृहस्थ हिवाळ्यात सकाळी कामावर जाण्यासाठी दार उघडतो आणि अंगणातल्या झाडाच्या फांद्या मोडून खात असलेला, घोड्याहून उंच असा एक प्राणी त्याच्याकडे शांतपणे पाहत असतो. गृहस्थ दार लावून घेतो आणि प्राणी आपण होऊन निघून जाईपर्यंत थांबतो. कचेरीत उशिरा पोचण्याचे हे कारण तेथे कोणालाही नवलाचे वाटत नाही. अशा नगरात माणसाने फिरावे कसे, काय पाहावे आणि पाहताना कसे वागावे, याचा थोडा विचार आज आपण करणार आहोत.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. अँकरेज सुमारे ६१ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. जूनच्या उत्तरार्धात तेथला दिवस १९ तासांहून मोठा असतो. डिसेंबरात तोच आकसून साडेपाच तासांवर येतो. नगराच्या पूर्वेस चुगाच पर्वताची हिमाच्छादित रांग उभी आहे आणि पश्चिमेस समुद्राचा एक लांब हात जमिनीत घुसलेला आहे. १७७८ साली कॅप्टन जेम्स कुक उत्तरेकडून सागरमार्ग शोधीत या खाडीत शिरला, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. पुढे वाट नाही असे दिसल्यावर त्याला मागे वळावे लागले. त्या फाट्याचे नावही ‘पुन्हा वळा’ अशाच अर्थाचे पडले आहे. अर्थात कुक येण्याच्या फार पूर्वीपासून डेनाइना लोक या किनाऱ्यावर मासे धरीत आणि शिकार करीत राहत होते. आजचे नगर मात्र वयाने लहान आहे. १९१५ साली रेल्वेच्या बांधकामासाठी आलेल्या मजुरांच्या तंबूंची वस्ती शिप नावाच्या ओढ्याच्या मुखाशी पडली, त्याच वर्षी घरांसाठी जमिनीचे तुकडे लिलावाने विकले गेले, आणि शहराचा आरंभ झाला. २०२० च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ९१ हजार भरली. म्हणजे अलास्कातील दर पाच माणसांपैकी दोन याच एका नगरात राहतात.

एवढ्या वस्तीत रान टिकले कसे? याचे उत्तर ओढ्यांत आहे. शिप, चेस्टर, कँबेल असे ओढे डोंगरात उगम पावून भरवस्तीतून वाहत समुद्राला मिळतात. नगर वाढत गेले, तरी या ओढ्यांचे काठ बऱ्याच अंशी मोकळे ठेवण्यात आले. त्या काठांनी वाळुंज, भूर्ज आणि सूचिपर्णी स्प्रूस यांची दाटी राहिली आणि तीमधून पाऊलवाटा व सायकलवाटा काढण्यात आल्या. फरसबंद वाटाच आज २०० किलोमीटरच्या आसपास भरतात. १९७० साली नगराच्या पाठीशी असलेला सुमारे ५ लाख एकरांचा डोंगराळ प्रदेश चुगाच राज्य उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. हे दोन निर्णय एकत्र पाहिले म्हणजे उलगडा होतो. डोंगर हे प्राण्यांचे घर, समुद्राचा काठ हे त्यांचे कोठार, आणि ओढा ही दोहोंना जोडणारी गल्ली. ती गल्ली मधेच बांधून काढली असती, तर घर आणि कोठार दोन्ही असूनही प्राणी नगरातून केव्हाच नाहीसा झाला असता.

आता त्यांपैकी एका वाटेने मनाने चालू या. टोनी नोल्स किनारावाट ही तेथील सर्वांत नावाजलेली वाट होय. १९८० नंतरच्या दशकात नगराचे प्रमुख असलेल्या आणि पुढे अलास्काचे राज्यपाल झालेल्या गृहस्थांचे नाव तिला दिले आहे. नगराच्या मध्यभागातून निघून समुद्राच्या काठाकाठाने किंकेड उद्यानापर्यंत ती सुमारे १८ किलोमीटर जाते.

वाटेला लागण्यापूर्वी शिप ओढ्याच्या मुखाशी क्षणभर थांबावे. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला गोद्या आणि उंच इमारती. आणि मधल्या गढूळ पाण्यात गुडघाभर उभे राहून माणसे गळ टाकीत असतात. जूनमध्ये येथे मोठ्या जातीचा ‘राजा’ सॅमन येतो व ऑगस्टात रुपेरी सॅमन. हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मीच्या ओढ्यात परततो. ओढ्याच्या पाण्याचा वास तो बालपणी ओळखू लागतो आणि वर्षांनंतर त्याच वासाने वाट शोधतो, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. अंडी घालून झाली की तो मरतो. पण त्याचे मरण वाया जात नाही. अस्वले, गरुड, कोल्हे त्याला खातात, उरलेले काठच्या झाडांच्या मुळाशी मुरते. समुद्रातले अन्न डोंगराच्या पायथ्यापर्यंत वाहून नेणारा हा हमालच म्हणावयाचा. शिप ओढ्यातील पुष्कळसे सॅमन आता मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेले असतात, हेही सांगितले पाहिजे. नगरातले रान पूर्णपणे आपले आपण जगत नाही; त्याला कोठे कोठे माणसाचा हात लागलेलाच असतो.

किनारावाटेने थोडे पुढे गेले की चेस्टर ओढ्याच्या मुखाशी वेस्टचेस्टर नावाचे तळे लागते. उन्हाळ्यात येथे तांबड्या मानेच्या टिबुकल्या पाण्यावर तरंगती घरटी बांधतात आणि आपली पट्टेरी पिले पाठीवर घेऊन हिंडतात. वाटेवरून सायकली जात असतात, मुले ओरडत असतात. पक्ष्यांना त्याची सवय झालेली असते. दुर्बीण नसली तरी चालेल, एवढ्या जवळून हे दृश्य दिसते. मात्र पाव किंवा दाणे टाकण्याचा मोह आवरावा. आयत्या अन्नाला लागलेली बदके व हंस एके जागी दाटी करतात, पाणी घाण होते आणि रोग पसरतो.

तेथून पुढे भूकंप-उद्यान आहे. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ प्रतीचा भूकंप झाला. यंत्रांनी मोजलेल्या भूकंपांत त्याचा क्रमांक जगात दुसरा लागतो. धरणी सुमारे साडेचार मिनिटे हादरत होती. या ठिकाणी समुद्रकाठच्या उंचवट्यावरील एक वसाहत जमिनीसकट खाली घसरली आणि सुमारे ७५ घरे नष्ट झाली. आज त्या उंचसखल भूमीवर झाडे दाटली आहेत. जेथे दिवाणखाने होते, तेथे आता वाळुंजाच्या फांद्या खात मूस उभा राहतो. माणसाने सोडलेली जागा रान किती लवकर ताब्यात घेते, याचे हे एक उदाहरण होय.

वाट वोरोंझॉफ भूशिराला पोचली म्हणजे समोर खाडीचे विस्तीर्ण पाणी दिसते. येथली भरती-ओहोटी असाधारण आहे. दोन्हींच्या पातळीत कित्येकदा ९ मीटरांचे अंतर पडते. ओहोटीला मैल मैल पसरलेला राखी चिखल उघडा होतो. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे ते पीठ असते. दिसावयास घट्ट, पण पाय रुतला की सुटत नाही आणि भरती तर वेगाने येते. म्हणून या चिखलावर चालत जाऊ नये, असे फलक जागोजागी लावलेले आहेत. काठावर उभे राहूनच पाण्याकडे पाहावे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, सॅमनच्या पाठोपाठ भरतीबरोबर येणारे पांढरे शुभ्र बेलुगा देवमासे दैव असेल तर दिसतात. पाण्यावर पांढरी पाठ क्षणभर चमकते आणि लाट फुटली असे वाटून नवखा मनुष्य फसतो. पिले राखी रंगाची असतात, म्हणून ती ओळखणे आणखी कठीण.

हे दर्शन दुर्मिळ होत चालले आहे. १९७९ साली या खाडीत सुमारे १,३०० बेलुगा होते. त्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने घटली. १९९९ पासून त्यांची शिकार जवळजवळ बंद झाली आणि २००८ साली या खाडीतील बेलुगांना नष्ट होण्याच्या मार्गावरील प्राण्यांच्या यादीत घालण्यात आले. २०२२ च्या हवाई पाहणीनंतर त्यांची संख्या ३३१ च्या आसपास असावी, असा अंदाज करण्यात आला. शिकार थांबूनही संख्या पूर्ववत होत नाही, याचा अर्थ असा की एकदा मोडलेली घडी हात आखडता घेतल्याने आपोआप बसत नाही. जहाजांचा गोंगाट, सांडपाणी, माशांची उपलब्धता अशा अनेक कारणांचा शोध तेथे चालू आहे.

वाटेचे शेवटचे टोक म्हणजे किंकेड उद्यान. शीतयुद्धाच्या काळात येथे विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा तळ होता. आता तेथे हिवाळ्यात बर्फावर घसरण्याच्या वाटा आणि उन्हाळ्यात दाट रान आहे. जवळच्या विमानतळावर उतरणारी अवजड मालवाहू विमाने डोक्यावरून गर्जत जातात, आणि त्यांच्या छायेत मूस चरत असतो.

नगराच्या दक्षिण टोकाची एक जागा या वाटेवर नसली, तरी ती सांगितल्यावाचून राहवत नाही. तिचे नाव पॉटर दलदल. रेल्वेचा रस्ता घालताना १९१६-१७ च्या सुमारास समुद्रकाठाने भराव टाकण्यात आला. त्यामुळे डोंगरातून येणारे पाणी अडले आणि भरावाच्या आतल्या बाजूस गोड्या पाण्याची दलदल तयार झाली. पक्ष्यांसाठी ती कोणी केली नव्हती, पण पक्ष्यांनी ती आपली मानली. १९८८ साली हा सारा किनारा वन्य जीवांसाठी राखीव झाला. दलदलीवरून लाकडी फळ्यांचा सुमारे पाऊण किलोमीटरांच्या आतला मार्ग बांधलेला आहे. त्यावरून म्हातारी माणसे आणि चाकांच्या खुर्चीत बसलेले अपंगही पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत जाऊ शकतात. खाली स्वच्छ प्रवाहात अंडी घालणारे सॅमन दिसतात आणि वर उत्तरध्रुवीय सुरय पक्षी टोचा मारण्याच्या पवित्र्यात घिरट्या घालतात.

या सुरय पक्ष्यावरून आपण मूळ प्रश्नाकडे येतो. उत्तरेच्या प्रदेशात राहावयाचे म्हणजे हिवाळ्याशी गाठ आहे. त्या हिवाळ्याला तोंड देण्याच्या तीन रीती तेथील जीवांनी शोधल्या आहेत. काही निघून जातात, काही निजून राहतात आणि काही सोसतात. या तीन रीती ध्यानात ठेवल्या, तर कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेवर काय दिसेल हे बरेचसे कळते.

निघून जाणाऱ्यांत सुरय अग्रेसर आहे. वजनाने जेमतेम शंभर ग्रॅमचा हा पक्षी उत्तरेत अंडी घालतो आणि आपला हिवाळा टाळण्यासाठी थेट दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रापर्यंत जातो. ग्रीनलंडमधील सुरयांच्या पायांना चिमुकली यंत्रे बांधून केलेली मोजणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत एका वर्षाचा त्यांचा प्रवास सरासरी ७० हजार किलोमीटरांहून अधिक भरला. हा पक्षी पाहावयाचा असेल, तर मे ते जुलै हे महिने गाठले पाहिजेत. ऑगस्टात गेलात तर दलदल जागेवर असेल, सुरय नसेल.

निजून राहणाऱ्यांत अस्वले मुख्य. पानगळ संपता संपता ती गुहेत किंवा खळग्यात शिरतात आणि वसंतात बाहेर येतात. परंतु या वर्गातला खरा आश्चर्यकारक जीव म्हणजे रानबेडूक. तो दलदलीच्या कडेला पाचोळ्याखाली बसतो आणि चक्क गोठतो. हृदयाचे ठोके थांबतात, श्वास थांबतो, शरीरातील बरेचसे पाणी बर्फ होते. तत्पूर्वी त्याचे यकृत रक्तात भरपूर साखर सोडते आणि त्या साखरेमुळे पेशींचा आतला भाग बर्फापासून वाचतो. अलास्काच्या अंतर्भागातील असे बेडूक शून्याखाली १८ अंशांपर्यंतची थंडी सोसून जगल्याचे दिसून आले आहे. वसंतात ते वितळतात आणि काही तासांत उड्या मारू लागतात.

सोसणाऱ्यांची कथा सर्वांत कठीण. काळ्या टोपीचा चिकडी नावाचा मूठभर पक्षी शरद ऋतूत हजारो बिया झाडांच्या सालींत दडवून ठेवतो आणि रात्री आपल्या अंगाची ऊब कित्येक अंशांनी उतरवून सरपण वाचवतो. ससा बर्फाप्रमाणे पांढरा होतो. डोमकावळे डोंगरातल्या आपल्या रात्रीच्या मुक्कामाहून सकाळी नगरात उतरतात, दिवसभर उकिरडे धुंडाळतात आणि संध्याकाळी परत जातात. आणि मूस आपल्या उंच पायांनी बर्फ तुडवीत काटक्या चघळतो.

मूस म्हणजे जगातील सर्वांत मोठे हरीण. आपल्याकडील सांबराहून त्याचा बांधा पुष्कळच मोठा. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ६००-७०० किलोंपर्यंत जाते. त्याचे नाव अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले असून ‘साली ओरबाडणारा’ अशा अर्थाशी ते जोडले जाते. हिवाळ्यात हिरवा पाला मिळत नाही. वाळुंजाच्या, भूर्जाच्या कोवळ्या काड्यांवर तो कसाबसा निभावतो आणि शरीरातली चरबी झिजत राहते. डोंगरात बर्फ खोल झाले की तो सखल भागात, म्हणजेच नगरात उतरतो. येथे बर्फ कमी, लांडगे कमी आणि अंगणातली झाडे पुष्कळ.

तेथेच माणसाची आणि त्याची गाठ पडते. माणसे हिवाळ्यात वाटांवरचे बर्फ दाबून चालण्याजोगे करतात. खोल बर्फात पाऊल उचलण्याचे कष्ट वाचावेत, म्हणून मूसही त्याच वाटेने चालतो. समोरून माणूस आला, तर बाजूच्या बर्फात उतरणे माणसाला सोपे असते; उपाशी प्राण्याला ती शक्तीची उधळपट्टी असते. म्हणून तो हटत नाही. आपण ज्याला त्याचा हट्ट म्हणतो, तो त्याचा जमाखर्च असतो. कान मागे पडले, वशिंडावरचे केस उभे राहिले, की तो हल्ला करणार असे समजावे. १९९५ च्या जानेवारीत तेथील विद्यापीठाच्या आवारात काही जणांनी एका मादीला बर्फाचे गोळे मारून छळले. ती चिडलेली असतानाच एक वृद्ध गृहस्थ तेथून इमारतीत शिरू पाहत होते. तिने त्यांना पायांखाली तुडवले आणि त्यांचा अंत झाला. खोडी एकाने काढली आणि प्रायश्चित्त दुसऱ्याला मिळाले.

अस्वलांच्या बाबतीतही हेच. नगराच्या पूर्व भागात ओढ्याकाठच्या दाट झाडीतून जाणारी एक वाट आहे. सॅमन चढू लागले की तपकिरी अस्वले मासे धरण्यासाठी तिच्या आसपास येतात. तीच वाट सायकलस्वारांचीही आवडती. २००८ च्या एकाच उन्हाळ्यात तेथे अस्वलाने दोघांना गंभीर जखमी केले. दोघेही सुदैवाने वाचले. अस्वल माणसावर टपून बसले नव्हते. ते जेवावयास आले होते. वेगाने आणि आवाज न करता येणारा सायकलस्वार त्याच्या पुढ्यात अकस्मात उभा राहिला, एवढेच.

यावरून या वाटांवर फिरण्याचे काही नियम तयार झाले आहेत. अस्वलांच्या प्रदेशात बोलत, गात, टाळ्या वाजवीत जावे. आपण येत आहोत हे त्याला आधी कळू द्यावे. अस्वल समोर आलेच, तर पळू नये; धीराने बोलत हळूहळू मागे सरावे. मूसच्या बाबतीत मात्र उलट: तो धावून आला, तर खुशाल पळावे आणि एखाद्या मोठ्या झाडाआड उभे राहावे. कुत्रे दोरीला बांधलेले असावे, कारण मूसच्या डोळ्यांना कुत्रा म्हणजे लांडगाच. आई आणि पिलू यांच्या मध्ये कधीही जाऊ नये. आणि कोणत्याही वन्य प्राण्याला खावयास घालू नये. अलास्कात मूसला खाऊ घालणे हा कायद्याने गुन्हा आहे. ज्या प्राण्याला आज एक जण सफरचंद देतो, तो उद्या दुसऱ्याकडे तेच मागतो. आणि न मिळाल्यास चिडतो. शेवटी त्याला गोळी घालावी लागते. उघड्या कचरापेटीने अस्वलाचेही असेच होते. भूतदयेच्या नावाखाली केलेला हा खून होय, असे म्हटले तर ते फार कठोर होईल काय?

हानी अजाणताही होते. तेथील अनेक अंगणांत युरोपातून आणलेली एक शोभेची चेरी लावलेली असते. वसंतात ती पांढऱ्या फुलांनी डवरते. २०११ च्या हिवाळ्यात तिच्या काड्या खाऊन मूसची तीन पिले नगरात मेली; त्या झाडातील द्रव्यापासून पोटात सायनाइडचे विष तयार झाले होते. लावणाऱ्याच्या मनात केवळ सौंदर्य होते. परंतु ज्या अंगणाला कुंपण असूनही रानाचे पाहुणे येतात, त्या अंगणात काय लावावे हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही.

राखण्याच्या बाबतीत अलास्कातीलच दुसऱ्या एका नगराची हकीकत सांगण्यासारखी आहे. अँकरेजच्या उत्तरेस, अंतर्भागात फेअरबँक्स हे नगर आहे. तेथे क्रीमर नावाच्या दांपत्याने १९२८ साली एक गोशाळा विकत घेतली आणि १९६६ पर्यंत ती चालविली. एवढ्या उत्तरेला गाई राखण्याचा तो विरळा उद्योग होता. गाईंसाठी मोकळी ठेवलेली कुरणे आणि तेथे सांडणारे दाणे यांमुळे दर वसंतात हजारो हंस व बदके तेथे उतरू लागली. नगरवासीयांना वसंत आल्याची वर्दी त्या पक्ष्यांकडूनच मिळे. गोशाळा बंद झाली तेव्हा ती जमीन घरांसाठी विकली जाईल, अशी भीती उत्पन्न झाली. तेव्हा तेथील नागरिकांनी वर्गणी जमविली, सरकारला गळ घातली आणि ती जागा स्थलांतरी पक्ष्यांसाठी राखून घेतली. आजही एप्रिलमध्ये तेथे हंस उतरतात आणि ऑगस्टात क्रौंच पक्ष्यांचे थवे दक्षिणेच्या प्रवासापूर्वी जमतात. गाई गेल्या, पण कुरण राहिले.

श्रोतेहो, हे सारे सात समुद्रांपलीकडचे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण पॉटर दलदलीत दिसणारे लांब शेपटीचे तलवार बदक आपल्याकडेही येते. आपल्याकडे येणारी सैबेरियाच्या बाजूने येतात, एवढाच फरक. बडोदे संस्थानने १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला डभोईजवळचा वढवाणा तलाव आणि होळकरांनी इंदूरच्या पाणीपुरवठ्यासाठी केलेले सिरपूरचे तळे, ही दोन्ही हिवाळ्यात या उत्तरेच्या पाहुण्यांनी भरून जातात. पॉटर दलदलीप्रमाणे हीदेखील माणसाने स्वतःसाठी केलेली आणि पक्ष्यांनी आपली मानलेली पाणथळे होत. वढवाणा २०२१ साली आणि सिरपूर २०२२ साली रामसर कराराच्या जागतिक यादीत गेले. आणि खुद्द बडोद्यात विश्वामित्रीच्या पात्रात, पुलांवरून वाहने धावत असता, खाली मगरी ऊन खात पडलेल्या असतात. अँकरेजच्या गृहस्थाला मूस, तसा बडोदेकराला मगर हा शेजारी आहे. पावसाळ्यात पाणी चढले की तोही अंगणापर्यंत येतो.

शेजारधर्म आपल्याला नवा नाही. शेजाऱ्याच्या घरात डोकावू नये, त्याच्या वाटेत कचरा टाकू नये, त्याला आपल्या दाणापाण्याचे मिंधे करू नये आणि त्याची जाण्यायेण्याची वाट बुजवू नये, एवढाच तो धर्म. नगर वाढणारच, ते थांबवता येणार नाही. मात्र वाढताना ओढ्याच्या दोन्ही काठांना किती हात जागा सोडावयाची, हे ठरविणे आपल्या हाती आहे, आणि तो निर्णय घरे बांधून झाल्यावर घेता येत नाही. या थंडीत सवड काढून आपल्या गावच्या तळ्याकाठी सकाळी तासभर उभे राहा. पाण्यावर एखादे तलवार बदक दिसले, तर ते किती दुरून आले आहे याची आठवण करा; आणि त्या तळ्याला पाणी आणणारा ओढा अजून मोकळा वाहतो आहे की नाही, तेही एकदा जाऊन पाहा.